गाडीतलं पाणी जातं कुठे?



मी इंदूरचा. एकतीस वर्षं झाली, गॅरेज चालवतो. घरात मराठी, गॅरेजमध्ये हिंदी आणि बोल्ट अडकला की दोन्हीची भेळ. त्यामुळे आज बोलताना मधेच एखादा हिंदी शब्द आला, तर सांभाळून घ्या.

या मालेत लोक आपापल्या कामातलं काही शिकवून जातात. मी विचार केला, आपण काय शिकवणार? मग ठरवलं, आपली एक चूक सांगायची. ती २०११ सालची आहे. विषय तुमच्यापैकी ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी आहे त्यांच्या ओळखीचा असणार. गाडीतलं कूलंट कमी होतं, खाली थेंब दिसत नाही, मागून धूर येत नाही, इंजिन चांगलं चालतं. तरी महिन्याभराने बघावं तर पातळी खाली. पाणी जातं कुठे?

चुकीकडे येण्याआधी दोन मिनिटं थोडी समज पक्की करू.

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते इंजिनमधून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनमध्ये फिरत राहतं. छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण चार लिटर. जेवढं भरलं तेवढंच राहायला हवं. रेडिएटरच्या तोंडावर जे झाकण असतं, ते आपल्या कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आत स्प्रिंग असते. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती ०.९ बारची असते. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारने वाढेपर्यंत झाकण उघडत नाही. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याहून वाढला, तर झाकण थोडं कूलंट शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडतं. इंजिन थंड झालं की आत ओढ निर्माण होते. मग झाकणाच्या मधोमध असलेली दुसरी छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं. रोज हे जाणं-येणं चालू असतं. ही छोटी झडप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट.

एक काका होते, निवृत्त गणित शिक्षक. त्यांचं नाव सांगत नाही, आपण काकाच म्हणू. गाडी १९९७ची, हजार सीसीची, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. कंपनी सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. चौदा वर्षं आणि दीड लाख किलोमीटर पळालेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं.

काकूंच्या आई धुळ्याला होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. काका-काकू दर महिन्याला दोन दिवस तिकडे जाऊन यायचे. इंदूर-धुळे म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ज्यांनी हा आग्रा-मुंबई रस्ता पाहिला आहे त्यांना माहीत आहे, इंदूरहून निघालं की मानपूरचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात यायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरायचा आणि महाराष्ट्रात शिरायचं. मग शिरपूर, तापी, धुळे.

काका पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "अरे, पाणी कमी होतंय बघ." मी बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट-पांढरी खपली धरली होती. कूलंट पाझरून वाळलं की अशी खपली राहते. मी म्हटलं, काका, रेडिएटर गेला. नवा बसवला.

दुसऱ्या महिन्यात काका परत. "अरे, अजून कमी होतंय." आता रेडिएटर तर नवा होता. मी पुली हलवून पाहिली, उगाच थोडी सैल वाटली. म्हटलं, वॉटर पंप. तोही बदलला. पैसे घेतले.

त्याच दिवशी काकांनी खिशातून एक छोटी वही काढली. म्हणाले, "मी जरा लिहून ठेवलंय, बघतोस का?" गॅरेजमध्ये तीन गाड्या उभ्या होत्या, पोरं हाका मारत होती. मी म्हटलं, "काका, राहू द्या. गाडी वहीने दुरुस्त होत नाही." पोरं हसली. काकाही हसले आणि त्यांनी वही खिशात ठेवली.

तिसऱ्या महिन्यात धुळ्याहून परत येताना रात्री नऊच्या सुमारास बिजासन घाटात गाडीचा काटा लाल रेघेवर गेला. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. अंधार, बाजूने ट्रक चाललेले, सत्तरीकडे आलेली दोन माणसं. दोन तास थांबले. एका ट्रकवाल्याने पाण्याचा कॅन दिला. पहाटे कसेबसे घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी आले. मला वाटलं, ओरडणार. नाही ओरडले. वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मला गाडीतलं काही कळत नाही. पण हे आकडे सारखे नाहीत, एवढं कळतं. तू एकदा वाच."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी ती वही घेऊन बसलो.

काका रोज सकाळी, इंजिन थार गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून किती कूलंट घालावं लागलं ते मापाच्या कपाने मोजत होते. तारीख, किलोमीटर, किती मिलिलिटर, आदल्या दिवशी गाडी कुठे गेली, बाटलीची पातळी कुठे. मास्तरांचं अक्षर, रेघा मारलेल्या.

शहरातल्या फिरण्याचा आकडा आधी महिन्याला दीडशे मिलिलिटर होता. मी रेडिएटर बदलल्यानंतर तो चाळीसवर आला. म्हणजे रेडिएटर खरंच पाझरत होता, तेवढं माझं बरोबर होतं. पण धुळ्याच्या खेपा बघा. जाताना, दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यात: तीस, चाळीस, तीस. परत येताना, दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरात: सहाशे, साडेसहाशे, सातशे. रेडिएटर बदलण्याआधी सहाशे, नंतर साडेसहाशे, पंप बदलल्यावर सातशे. मी केलेल्या कामाचा या आकड्यावर काडीचाही फरक पडला नव्हता.

रस्ता तोच. किलोमीटर तेवढेच. गाडी तीच, चालवणारा तोच. मग जाताना चाळीस आणि येताना सातशे का?

कारण जाताना दोन्ही घाट उतरायचे आणि येताना दोन्ही चढायचे.

आणि शेवटचा रकाना. परत आल्यावर दर वेळी लिहिलं होतं, "बाटली काठोकाठ." रेडिएटर पाऊण लिटरने रिकामा आणि बाटली काठोकाठ! कूलंट आतून बाहेर ढकललं जात होतं, पण परत येत नव्हतं. बाटली भरली की उरलेलं वरच्या नळीतून रस्त्यावर. चालत्या गाडीतून घाटात पडलेलं पाणी कोणाला दिसणार? पार्किंगमध्ये थेंब शोधत बसलो असतो तर जन्मभर सापडलं नसतं.

आता परत न येण्याची साधी कारणं दोन. झाकणाची ती छोटी झडप चिकटलेली असते, किंवा झाकण ते बाटली ही नळी चिरलेली असते. मग ओढ निर्माण झाली की कूलंटऐवजी हवा येते. सकाळी पहिलं काम हे केलं: झाकण नवं, नळी नवी. फार तर अडीचशे रुपयांचा मामला. पण मनात शंका होती. नुसती झडप खराब असती तर उतारावरही थोडंफार दिसलं असतं.

मग गार इंजिनवर दाबाची चाचणी केली. हातपंप रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, ०.९ बारपर्यंत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. तासभर बसलो. काटा हलला नाही. म्हणजे बाहेर कुठेही गळती नाही. इंजिन ऑइल पाहिलं, स्वच्छ. चारही प्लग काढले, रंग सारखा.

एका मित्राच्या गॅरेजमधून गॅस तपासायची काचेची नळी आणली. त्यात निळा द्रव असतो. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचा पिवळा होतो. इंजिन जागेवर चालू ठेवून पाहिलं. निळा तो निळाच.

इथे मी, किंवा कोणीही, म्हणालो असतो, "काका, गाडी एकदम फर्स्ट क्लास." सगळ्या चाचण्या पास. पण वही म्हणत होती, घाट. मी चाचण्या उभ्या गाडीवर करत होतो आणि पाणी उभ्या गाडीत जातच नव्हतं.

म्हणून काकांना शेजारी बसवलं आणि मानपूरला गेलो. घाट उतरलो, वळलो, आणि परत चढताना गाडीला पुरता जोर द्यायला लावला. वर येऊन सावलीत उभी केली. इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. बाटलीत बघितलं, तर झाकणातून येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बुडबुडे. एकामागून एक, भांड्यात आधण आल्यासारखे. काटा तर मधोमध होता, म्हणजे पाणी उकळत नव्हतं. बाटलीच्या तोंडावर काचेची नळी धरली, वरची हवा ओढली. निळा, मग हिरवट, मग पिवळा.

काका म्हणाले, "म्हणजे काय रे?"

म्हटलं, "काका, हेड गॅस्केट."

हे असं का झालं, ते सांगतो. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये गॅस्केट असतं. त्यात केसाएवढी फट पडली होती. गार इंजिनवर मी पंपाने दिला होता ०.९ बार. एवढ्याने त्या फटीतून काही जात नव्हतं. पण चढावर पुऱ्या जोरात पेट्रोल इंजिन चालतं तेव्हा सिलिंडरमध्ये प्रत्येक स्फोटाला क्षणभर चाळीस-पन्नास बारच्या घरात दाब असतो. तो वायू फटीतून पाण्यात घुसतो, पाण्याला झाकणातून बाटलीत ढकलतो आणि स्वतः रेडिएटरमध्ये वर बसून राहतो. इंजिन गार झालं तरी जागा वायूने अडवलेली असते. मग कूलंट परत येणार कसं? आणि जागेवर चालणाऱ्या इंजिनमध्ये दाब कमी असतो, म्हणून उभ्या गाडीत चाचणी पास.

हेड उतरवलं. दुसऱ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या छिद्रापर्यंत गॅस्केटवर काळी रेघ स्पष्ट दिसली. हेड अॅल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे जास्त तापलं की हेडला बाक येतो. सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने मोजलं. अशा छोट्या हेडला ०.०५ मिलिमीटरपर्यंत बाक चालतो. इथे ०.१० होता. त्यातला काही हिस्सा तरी बिजासनच्या त्या रात्रीचा, म्हणजे माझ्या खात्यावरचा. वही महिनाभर आधी उघडली असती, तर ती रात्र आली नसती.

लेथवाल्याकडून हेडचं फेसिंग केलं. नवं गॅस्केट, नवे बोल्ट, मधून बाहेर या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट भरलं. वॉटर पंप उगाच बदलला होता, त्याचे पैसे मी परत दिले. काकांनी मोजून घेतले. पुढच्या महिन्यात धुळ्याहून आले आणि वही उघडून दाखवली. जाताना शून्य, येताना शून्य.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. मी जे सांगतोय त्याला पाना लागत नाही, वही लागते.

आधी सुरक्षेचं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण सैल झालं की तोंडावर उसळतं. सकाळी गाडी गार असताना बघा. नुसती बाटली बघून निर्धास्त होऊ नका. रेडिएटरला झाकण असेल तर आत बघा. नव्या धर्तीच्या ज्या गाड्यांत झाकण बाटलीवरच असतं, तिथे बाटलीच्या खुणेवर पेनाने रेघ मारा. आणि लिहा: तारीख, किलोमीटर, किती घातलं, गाडी काल कुठे गेली होती.

तीन-चार आठवड्यांत आकडे बोलायला लागतात. गाडी नुसती उभी असताना, खास करून थंडीत, पातळी उतरत असेल तर होज पाइपचे क्लॅम्प बघा. गारठ्याने रबर आकसतं आणि तिथून पाझरतं, इंजिन तापलं की बंद होतं. गाडी कितीही, कुठेही चालवा, किलोमीटरच्या हिशोबात सारखं कमी होत असेल, तर वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र बघा. थेंब गरम इंजिनवर पडून सुकून जातो, पण वाळलेली रंगीत रेघ राहते. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावरच कमी होत असेल, तर पंखा आणि झाकण बघा. काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला, तर आतल्या हीटरची जाळी. सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद एक सिलिंडर मिस मारतो, पांढरा धूर येतो आणि मग सगळं ठीक, तर रात्रभर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. आणि फक्त चढावर कमी होत असेल, तर काकांची आठवण काढा.

काही खोटे इशारेही असतात. उन्हाळ्यात गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ दोन-चार मिनिटांत थांबत असेल, तर काळजी नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हवेतला ओलावा जमून ती येते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी झालं, तर मात्र गाडी चालवू नका.

मेकॅनिककडे गेलात की क्रम स्वस्ताकडून महागाकडे धरा. झाकण, मग दाबाची चाचणी, मग वायूची, मग कॉम्प्रेशन. हेड सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. हसू नका, आजही टाकतात. गळती क्षणभर थांबते आणि बारीक वाटा कायमच्या बुजतात. नळाचं पाणी वर्षानुवर्षं भरू नका, आत क्षार धरतात आणि गंज चढतो. आणि कूलंट उघड्यावर ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रस्त्यात काटा चढलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला. इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. तास गेला तर जाऊ द्या. "अजून दहाच किलोमीटर" म्हणून गाडी दामटली की हेड वाकतं.

काकांच्या त्या प्रसंगानंतर मी गॅरेजमध्ये एक पद्धत लावली. कूलंटची तक्रार घेऊन जुनी गाडी आली की मालकाला आधी विचारतो, "पाणी कधी कमी होतं?" बरेच जण म्हणतात, "लक्ष नाही दिलं." मग त्यांना दहा रुपयांची वही आणि मापाचा कप देतो. सांगतो, तीन आठवड्यांनी या. काही जण चिडतात, दुसऱ्या गॅरेजला जातात. जे वही भरून परत येतात, त्यांच्या गाडीचं अर्धं निदान त्यांनीच केलेलं असतं.

काका आता नाहीत. गाडी त्यांच्या मुलाने विकली. ती पहिली वही मात्र काकूंनी मला दिली. गॅरेजमध्ये नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात तीच ठेवतो, आणि सांगतो, कुठलंही झाकण उघडायच्या आधी हे वाच.

एवढंच सांगायचं होतं.